ग्रेट कॉक्सवेलचे दगडी धान्यागार : एका उपमेची मर्यादा

इंग्लंडमधील ग्रेट कॉक्सवेल या खेड्यातील दगडी धान्यागाराची कीर्ती बव्हंशी एका उपमेवर उभी आहे. १८७१ पासून जवळच्या केल्म्सकॉट येथे बिऱ्हाड असलेला विल्यम मॉरिस त्याची थोरवी कॅथीड्रलच्या तोडीची मानी. शेतीच्या इमारतीकडे वास्तुकला म्हणून पाहावयास त्याने शिकविले, हे त्याचे ऋण मोठेच आहे. परंतु पुढे उपमेलाच वर्णन मानले गेले आणि इमारत ज्या कामासाठी उभी राहिली ते काम दृष्टीआड झाले.

‘धान्यागार’ हा मराठी शब्दही येथे काहीसा फसवा आहे. महाराष्ट्रातील कणगी, बळद वा पेव यांत मळून-उफणून तयार झालेले धान्य साठते. खळे उघड्यावर असते. इंग्लंडच्या पावसाळी हवेत ते साधत नाही. तेथे कापलेल्या पेंढ्याच छपराखाली रचीत आणि मळणी हिवाळ्यात आतच चाले. सुडी, खळे व कोठार ही तिन्ही एका छपराखाली आली, म्हणूनच सुमारे १५२ फूट लांबी, ४४ फूट रुंदी व ४८ फूट उंची लागली. मूळ प्रवेश लांब भिंतींत समोरासमोर काढलेल्या देवड्यांतून होता. टोकांच्या भिंतींतील मोठे दरवाजे अठराव्या शतकातील आहेत. त्या बाजूने पाहिले असता लांबच लांब मध्यदालन समोर येते व कॅथीड्रलचा भास होतो. म्हणजे उपमेचे काही श्रेय या उत्तरकालीन दरवाजांनाही द्यावयास हवे!

भिंती दगडाच्या असल्या तरी छपराचा मुख्य भार आतील ओकच्या खांबांवर आहे. सुमारे सात फूट उंच दगडी जोत्यांवर उभ्या असलेल्या या खांबांच्या सहा जोड्यांनी इमारतीचे सात खण पडतात. वॉल्टर हॉर्न या कलेतिहासकाराचे सारे लक्ष या खणांवर आहे. मध्ययुगीन चर्चची खणरचना उत्तर युरोपातील लाकडी घरे व कोठारे यांच्या परंपरेतून आली, असे त्याने १९५८ च्या निबंधात मांडले. १९६५ मध्ये अर्नेस्ट बॉर्न या वास्तुकाराच्या साहाय्याने या इमारतीवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. मॉरिसची उपमा येथे उलटी होते: कोठार चर्चसारखे नसून चर्चच कोठारासारखे ठरते. कल्पना मोहक आहे. परंतु नंतरच्या वृक्षवलय-परीक्षणाने येथील लाकडाचा काळ १२९२ च्या सुमाराचा ठरविला, म्हणजे ग्रंथकारांनी मानलेल्या काळाहून अलीकडचा. तोवर चर्चची खणरचना पूर्ण विकसित झाली होती. तेव्हा ही इमारत जुन्या सुतारी परंपरेच्या टिकून राहण्याचा पुरावा ठरेल, उगमाचा नव्हे. बॉर्नने मोजमापे घेऊन काढलेली रेखाटने मात्र या सिद्धांताच्या जयापजयावर अवलंबून नाहीत, आणि ग्रंथाचे टिकाऊ मूल्य त्यांतच आहे.

लोकांत रूढ असलेले ‘दशमांश-कोठार’ हे नावही तपासून घेतले पाहिजे. जॉन राजाने सिस्टर्शियन साधूंना दिलेल्या फॅरिंग्डन जहागिरीचा हा भाग. १२०४ मध्ये स्थापन झालेल्या ब्यूली मठाकडे तो १५३८ मध्ये मठ बरखास्त होईपर्यंत राहिला. येथे साठे ते प्रायः मठाच्या स्वतःच्या शेतीचे पीक, गावकऱ्यांकडून धर्मकर म्हणून घेतलेला दहावा हिस्सा नव्हे. मठाची १२६९-७० ची हिशेबवही उपलब्ध आहे, ही अभ्यासकांची भाग्याची गोष्ट; परंतु लाकडाचा काळ ध्यानी घेतल्यास त्या वर्षाच्या पेंढ्या या छपराखाली रचल्या गेल्या असणे शक्य नाही. त्या आकड्यांवरून या इमारतीची धारणशक्ती ठरवू पाहणाऱ्याने मधली वीस-बावीस वर्षे विसरता कामा नयेत.