रसद, घड्याळ आणि रयत : ऐतिहासिक युद्धखेळांची गोडी

इतिहासाच्या कलारूपांचा विषय निघाला की आपण कादंबरी, नाटक, पोवाडा आणि सिनेमा यांच्याबद्दल बोलतो. गेली पंचवीस-तीस वर्षे आणखी एक रूप आपल्या घरांत आणि तालुक्याच्या संगणक-वर्गांत शिरले आहे, पण त्याची समीक्षा मराठीत फारशी होत नाही. ते रूप म्हणजे संगणकावरचे ऐतिहासिक युद्धखेळ. मुले त्यात वेळ घालवतात ही तक्रार सगळ्यांना ठाऊक आहे. ती वेळ इतक्या आनंदाने का घालवतात, हा प्रश्न मात्र कोणी गंभीरपणे विचारत नाही. या लेखात मी तो विचारणार आहे. त्याला जोडून दुसराही प्रश्न आहे : हा आनंद मिळवताना खेळ इतिहासातले काय घेतो आणि काय टाकून देतो?

सगळ्याच युद्धखेळांची इथे चर्चा नाही. 'रिअल-टाइम स्ट्रॅटेजी' या नावाने जो प्रकार ओळखला जातो, त्याचाच विचार करायचा आहे. मराठीत त्याला 'चालत्या घड्याळाचा डावपेची खेळ' म्हणता येईल. फरक समजायला बुद्धिबळ पुरेसे आहे. बुद्धिबळात मी घोडा उचलून विचार करत बसलो तरी समोरचा वजीर जागचा हलत नाही. या खेळात दोन्ही बाजू एकाच वेळी हलतात. मी विचार करतो त्या क्षणी प्रतिस्पर्धी लाकूड तोडत असतो, धान्य भरत असतो, सैनिक तयार करत असतो. या प्रकाराचा साचा १९९२ च्या 'ड्यून २' ने घालून दिला. १९९४ च्या 'वॉरक्राफ्ट'ने तो लोकप्रिय केला. त्यात इतिहास मिसळून जगभर पोचवला तो डॅलसच्या एन्सेंबल स्टुडिओजच्या 'एज ऑफ एम्पायर्स'ने, १९९७ साली. त्याचा दुसरा भाग, 'द एज ऑफ किंग्ज', १९९९ मध्ये आला आणि आजही खेळला जातो. पुढची बरीचशी चर्चा त्याच्याच आधारे करतो, कारण या प्रकाराचे गुण आणि दोष दोन्ही त्यात स्वच्छ दिसतात.

मजा लढाईत नाही

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की गोडी लढाईत आहे. तलवारी खणखणतात, हत्ती चालून येतात, तट कोसळतात. पण चांगला खेळाडू खेळताना त्याच्या खांद्यामागे उभे राहून पाहा. बहुतेक वेळ तो लढतच नाही. तो माणसे कामाला लावत असतो. धान्य, लाकूड, सोने आणि दगड अशा चार वस्तू गोळा करायच्या असतात. एक व्हिलेजर, म्हणजे आपली रयत, तयार करायला ५० धान्य आणि २५ सेकंद लागतात. पाच माणसांच्या वस्तीला एक घर लागते. पुढच्या युगात जायला ५०० धान्य साठवावे लागते, त्यापुढच्या युगाला ८०० धान्य आणि २०० सोने. किल्ला बांधायचा तर ६५० दगड हवा. टाउन सेंटर, म्हणजे गावाची कचेरी, एक मिनिट रिकामे राहिले तर त्याची किंमत अर्ध्या तासाने रणांगणात मोजावी लागते.

या चारांखेरीज एक पाचवी वस्तू आहे. पडद्यावर तिचा आकडा कुठेच दिसत नाही. ती म्हणजे खेळाडूचे लक्ष. मी स्वारांना घेऊन शत्रूच्या रानात शिरलो की घरी शेते ओस पडतात. घरी परतून शेते पेरली की तिकडे स्वार कापले जातात. प्रत्येक क्षणी आणखी एक करण्याजोगे काम शिल्लक असते. हा अपुरेपणा हेच या खेळाच्या गोडीचे मूळ आहे, असे माझे मत आहे. घड्याळ थांबवले, किंवा लक्ष अमर्याद दिले, तर हाच खेळ हिशेबाची वही होईल. दिवाळीत पुण्या-मुंबईकडची मुले मातीचा किल्ला करतात, तेव्हा त्यांचे मावळे दिवसभर आपापल्या जागी उभे असतात. त्या किल्ल्याचा आनंद रचनेचा असतो. इथला आनंद, रचना चालू असतानाच ती कोणीतरी मोडायला येत आहे, या जाणिवेचा असतो.

पालखेड आणि पानिपत

मराठी वाचकाला ही गोष्ट नवी वाटू नये. आपल्या इतिहासातले दोन मोठे प्रसंग रसदीचेच आहेत. १७२८ च्या फेब्रुवारीत पहिल्या बाजीरावाने पालखेडजवळ निजामुल्मुल्काला कोंडीत पकडले. निजामाकडे जड तोफखाना होता, बाजीरावाकडे वेग होता. मोठी समोरासमोरची लढाई जवळपास झालीच नाही. दाणा आणि पाणी तोडले गेले आणि निजामाला तहाला यावे लागले. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर हेच उलटे आपल्या वाट्याला आले. अब्दालीची रसद मारण्याच्या कामावर असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले. भाऊसाहेबांची छावणी उपाशी पडली आणि १४ जानेवारीला भुकेलेले सैन्य लढायला बाहेर पडले. त्या दिवशीचे शौर्य आपण गातो. त्याआधीच्या अडीच महिन्यांतल्या धान्याच्या भावाकडे मात्र फार थोडे पाहतात.

'एज ऑफ एम्पायर्स' खेळणारे पोर हे धान्याचे गणित न शिकवता शिकते. शत्रूचा किल्ला पाडण्यापेक्षा लाकूड तोडणारी त्याची सहा माणसे मारणे किंवा पळवून लावणे जास्त नुकसान करते, हे त्याला तिसऱ्या-चौथ्या डावात कळते. गनिमी कावा म्हणजे डोंगरात दबा धरणे, एवढेच पाठ्यपुस्तक सांगते. शत्रूचे पोट कुठे आहे ते ओळखून तिथे वेगाने पोचणे, हा त्याचा खरा अर्थ हाताला आणि डोळ्याला पटतो. एखादा ग्रंथ हे समजावून देऊ शकतो. पण घाईत असताना, दोन वाईट पर्यायांतून एक निवडताना ते भोगायला लावणे या खेळालाच जमते.

नावापुरता इतिहास आणि नियमातला इतिहास

मग इतिहास कशाला हवा? परग्रहावरच्या किड्यांच्या लढाया दाखवूनही हेच गणित मांडता येते, आणि तसे खेळ यशस्वीही झाले आहेत. इतिहासाचा पहिला उपयोग ओळखीचा आहे. भालाईत घोडेस्वाराला रोखतो, घोडेस्वार तिरंदाजाला गाठतो, तिरंदाज भालाईताला लांबूनच टिपतो. हे कोणाला शिकवावे लागत नाही. या मालिकेचे एक रचनाकार ब्रूस शेली यांनी म्हटले आहे की अशा खेळाला लागणारे संदर्भ ग्रंथालयाच्या बालविभागात मिळतात. हे ऐकून इतिहासाचा अभ्यासक नाक मुरडेल, पण त्यात तथ्य आहे. घड्याळ चालू असताना तळटीप वाचायला कोणाला सवड नसते.

दुसरा उपयोग अधिक मोलाचा आहे आणि तिथेच चांगला खेळ व सजवलेला खेळ वेगळे पडतात. २००७ च्या 'द एशियन डायनॅस्टीज'मधली भारतीय बाजू पाहा. तिथे ताजमहाल आहे, चारमिनार आहे, आग्र्याचा किल्ला आहे. सगळे एकाच राज्यात आणि हवे तेव्हा बांधता येणारे. ही सजावट झाली. त्याच खेळात भारतीय बाजूचे गावकरी धान्याऐवजी लाकूड मोजून तयार होतात. गाई कापून खाता येत नाहीत, त्या गोठ्यात बांधून अनुभवाचे गुण मिळवायचे असतात. हे चित्र ढोबळ आहे, त्यावर आक्षेपही घेता येतील. तरी खेळण्याची चाल त्यामुळे बदलते. इमारतीचे चित्र पाचव्या मिनिटानंतर डोळ्यांना दिसेनासे होते. नियम मात्र शेवटच्या मिनिटापर्यंत खेळाडूच्या निर्णयात राहतो. म्हणून माझी कसोटी अशी : इतिहास चित्रातून काढून टाकला तरी नियमात उरतो का? उरत असेल तर तो खेळ ऐतिहासिक. २०२२ च्या 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया'ने एकाच 'इंडियन्स' नावाखाली कोंबलेल्या उपखंडाचे बंगाली, द्रविड, गुर्जर आणि हिंदुस्तानी असे चार भाग केले आणि प्रत्येकाची चाल वेगळी ठेवली. त्याने खेळाची गोडीही वाढली. या दोन गोष्टी इथे एकमेकींच्या आड आल्या नाहीत.

अडगावची कसोटी

ही कसोटी आता घराजवळच्या रणांगणावर लावतो. मी सोनाळ्याचा. आमच्या गावाच्या उत्तरेला सातपुडा आहे. त्याच्या पायथ्याने पूर्वेला हिवरखेडच्या पुढे गेले की अकोला जिल्ह्यातले अडगाव लागते. अडगाव आणि सिरसोली यांच्या शिवारात २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा भिडल्या. भोसल्यांच्या बाजूला शिंद्यांचे घोडदळही होते. लढाई दुपार कलल्यावर सुरू झाली आणि पाठलाग चांदण्यात चालला. इंग्रजांचे सुमारे साडेतीनशे लोक मेले वा जखमी झाले. ३८ तोफा त्यांच्या हाती लागल्या. १५ डिसेंबरला गाविलगड पडला, १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेले.

या लढाईतला सगळ्यात महत्त्वाचा क्षण सुरुवातीलाच आला. मराठी तोफा सुरू होताच कंपनीच्या तीन पलटणी फुटून पळाल्या. दोनच महिन्यांपूर्वी असईला याच पलटणी छातीठोक लढल्या होत्या. वेलस्ली जवळच होता म्हणून त्याने त्यांना गोळा करून पुन्हा रांगेत आणले. आपण तिथे नसतो तर दिवस हातचा गेला असता, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. 'एज ऑफ एम्पायर्स'मध्ये हा क्षण घडूच शकत नाही. तिथला शिपाई रक्ताचा शेवटचा आकडा संपेपर्यंत लढतो. त्याला भीती नाही. उलट 'टोटल वॉर' मालिकेत धीर खचणे हा मूळ नियमच आहे. २००९ च्या 'एम्पायर : टोटल वॉर'मध्ये मराठ्यांची बाजूही घेता येते. तिथे राज्यकारभार पाळीपाळीने चालतो, पण लढाई चालत्या घड्याळावर होते, आणि सेनापती कुठे उभा आहे यावर पलटणीचा धीर ठरतो. अडगाव तिथे मांडता येईल, आणि ते रंगतदारही होईल. भीती नियमात आली की लढाई खरी होते, शिवाय खेळाडूच्या अपुऱ्या लक्षावर आणखी एक ओझे पडते. सेनापती एकाच जागी असू शकतो.

इथपर्यंत खेळाची बाजू भक्कम आहे. पुढची गोष्ट मला खटकते. वऱ्हाडात तेव्हा दुअमली होती. एकाच गावच्या उत्पन्नावर निजाम आणि भोसले दोघांचाही हक्क चाले. त्यात दोन्ही फौजांची जनावरे, लमाणांचे बैलतांडे, लुटीवर जगणारे पेंढारी, आणि त्याच सुमारास दख्खनेत पडलेला भीषण दुष्काळ. आमच्या पूर्वजांनी १८०३ चे साल भोगले ते कोणत्याही झेंड्याखाली उभे राहून नव्हे. ते दोन फौजांच्या मधल्या शिवारात राहत होते.

अशा माणसाला खेळात जागा नाही. तिथे प्रत्येक व्हिलेजर कोणत्या तरी रंगाचा असतो : निळा, लाल, हिरवा. रंग नसतो तो झाडांना, हरणांना, लांडग्यांना आणि रानात मोकळ्या फिरणाऱ्या मेंढ्यांना. मेंढीचा नियम तर फार बोलका आहे. ती ज्याच्या नजरेला आधी पडेल त्याची होते, आणि राखणीला कोणी नसताना दुसरा जवळ आला की त्याची. दुअमलीतल्या गावाची अवस्था खेळात कोणी अचूक पकडली असेल तर ती या मेंढीत. लाकूड मोजले की शेत पुन्हा पेरले जाते, पाऊस लागत नाही, सारा द्यावा लागत नाही आणि व्हिलेजर कधी गाव सोडून जात नाही. खेळ सोपा व्हावा म्हणून हे वगळले, असे समर्थन केले जाते. ते मला अर्धेच पटते. पाऊस वगळणे समजू शकतो. पण रसद ज्या खेळाचा प्राण आहे, त्याने रसद कोणाच्या घरातून निघते ते न दाखवणे म्हणजे आपल्याच सर्वोत्तम नियमाला अर्ध्यावर सोडणे आहे.

आणि ते दाखवल्याने गोडी कमी होईल असेही नाही. समजा नकाशावर रंग नसलेली गावे आहेत. लुटली तर लगेच धान्य मिळते, पण माणसे डोंगरात निघून जातात आणि पुढच्या मोसमात ते शेत पडीक राहते. दाम मोजून घेतले तर वेळ लागतो, पण तांडे येत राहतात. घाईत असलेल्या खेळाडूपुढे हा पेच किल्ला आधी की घोडदळ आधी, यापेक्षा किती तरी अवघड ठरेल. अवघड निर्णय आणि कमी वेळ, यातूनच तर या प्रकाराची मजा निघते. 'द एज ऑफ किंग्ज'सोबत नकाशे रचण्याचे साधन मिळते. प्रसंग घडवण्याच्या सोयीही त्यातच आहेत. अडगाव-सिरसोलीचे शिवार आज आमच्याकडचे एखादे पोर चार-सहा रात्रींत मांडू शकेल. त्याने तसे केले तर माझी एवढीच सूचना आहे : तोफा हव्या तितक्या ठेव, पण आधी मधली गावे बसव, आणि त्यांना रंग देऊ नकोस.