अजाण निवेदक आणि घराचा शोध : ‘सूखा बरगद’ व ‘ॲनिमल्स पीपल’

भोपाळशी निगडित असलेल्या दोन कादंबऱ्यांत तरुण निवेदक आपल्या माणसांविषयी बोलतात. मंजूर एहतेशाम (१९४८-२०२१) हे भोपाळचेच. त्यांची ‘सूखा बरगद’ ही हिंदी कादंबरी १९८६ साली प्रसिद्ध झाली. इंद्र सिन्हा यांची ‘ॲनिमल्स पीपल’ ही इंग्रजी कादंबरी २००७ ची असून त्याच वर्षी ती मॅन बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत होती. तिच्यात शहराचे नाव ‘खौफपूर’ असले तरी २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीचे भोपाळ वाचकास सहज ओळखता येते.

‘सूखा बरगद’ ची निवेदक रशीदा हिला घर आहे. वडील वकील व मुक्त विचारांचे, आई धार्मिक, सोबत भाऊ सुहेल. घरातील मोकळेपणा म्हणजेच बाहेरचे जग, असा तिचा भाबडा समज असतो. पुढे सुहेल असुरक्षिततेने कडवट होत जातो आणि विजयशी असलेले रशीदाचे प्रेम विवाहापर्यंत पोहोचत नाही. छप्पर तेच राहते, पण एकमेकांवरील विश्वास आटतो. रशीदा कोणावर आरोप करीत नाही. दिसले ते सांगत जाते. त्यामुळे तिला उमगण्यापूर्वीच वाचकास घराची पडझड जाणवते. सुशिक्षित पात्रांच्या लांबलेल्या चर्चांमुळे मात्र निवेदनाची ही सहजता काही ठिकाणी उणावते.

सिन्हा यांच्या निवेदकापाशी गमावण्यासारखे घरच नाही. वायूच्या त्या रात्री सापडलेल्या या तान्ह्या मुलाचे आईवडील कोण, धर्म कोणता, हे कोणासही ठाऊक नाही. पाठीचा कणा वाकल्यामुळे तो हातापायांवर चालतो व स्वतःस ‘ॲनिमल’ म्हणवतो. त्याचा भाबडेपणा शिवराळ भाषेआड दडलेला आहे. आपण माणूस नाही, तेव्हा माणसांचे नियम आपल्याला लागू नाहीत, अशी तो स्वतःची समजूत घालतो. मत्सरापोटी तो जफरला धोतरा चारतो. म्हणजे हे अजाणपण निष्पाप नाही. तथापि त्या रात्रीनंतर फ्रेंचखेरीज इतर भाषा विसरलेल्या मा फ्रान्सीचे बोलणे समजून घेतो तो हाच. अखेरीस तो जंगलात निघून जातो, तेव्हा त्याचे मित्र त्याला शोधत येतात. कुटुंब शोधणाऱ्याचाच शोध कुटुंब घेते. कादंबरीचे सारे मर्म या प्रसंगात आहे.

दोन्ही निवेदक स्वतःविषयी वाचकापेक्षा कमी जाणतात, हे साम्य वरवरचे नाही. रशीदाला रक्ताचे नाते पुरेसे वाटते आणि ते पुरत नाही. ॲनिमल नातेच नाकारतो आणि ते त्याच्या पदरी पडते. एका कादंबरीत संशय घर पोखरतो, तर दुसरीत एकमेकांची काळजी वाहणारे हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती मिळून घर उभे करतात.

अनाथ मुलाची ओळख ठरविताना आपल्याकडे त्याचे कूळ व धर्म प्रथम विचारला जातो. त्याच्या मागे कोण धावून येईल, हा प्रश्न उरतोच. या दोन कादंबऱ्या एकत्र वाचल्यास कुटुंबाची खरी कसोटी त्या प्रश्नाच्या उत्तरात आहे, असे दिसून येते.