रखमाबाईंचा नकार आणि दाव्याचे कूळ

गिरगावातील खोताच्या वाडीत हिंदू व ख्रिस्ती घरे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या शेजारी नांदत आली. त्यांचे विवाहविधी निराळे, विवाहाचे कायदेही निराळे. परंतु विभक्त झालेल्या जोडीदाराला परत आणण्याचा दावा मात्र दोन्हीकडे एकच. १८६९ च्या घटस्फोट कायद्याच्या ३२ व्या कलमात आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या ९ व्या कलमात तो आढळतो. या दाव्याचे कूळ कोणते, हे सुधीर चंद्र यांच्या ‘एन्स्लेव्ह्ड डॉटर्स’ (१९९८) या ग्रंथातून उत्तम रीतीने उमगते.

ग्रंथाचा विषय रखमाबाईंचा खटला होय. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या व सासरी कधीच नांदावयास न गेलेल्या रखमाबाईंवर दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. असा दावा हिंदू धर्मशास्त्रात नाही, तो इंग्रजी कायद्यातून आला, असे म्हणून न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला. इंग्लंडात तो मुळात ख्रिस्ती धर्मन्यायालयांचा. म्हणजे ‘केसरी’ने धर्मरक्षणाच्या आवेशाने ज्याची पाठराखण केली, ते परक्या धर्मपीठाचे शस्त्र होते! ही विसंगती उलगडणारी पाने ग्रंथातील सर्वांत मोलाची आहेत.

पुढे अपिलात निकाल फिरला आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी पतीकडे जाण्याचा, न गेल्यास सहा महिने कैदेचा हुकूम दिला. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखविली. ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाहाविरुद्ध लिहिणाऱ्या लेखणीला हे शोभणारेच होते. म्हणूनच ग्रंथाचे शीर्षक खटकते. गुलाम झालेल्या कन्यांची ही कथा नव्हे. एका कन्येने गुलामी नाकारल्याची आहे.

तथापि या नकाराला निर्भेळ विजय म्हणणेही धाडसाचे. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. कायदा जागच्या जागी राहिला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने या दाव्याला हात लावला नाही. पत्नीची कैद १९२३ मध्ये गेली. इंग्लंडने १९७० मध्ये, दक्षिण आफ्रिकेने १९७९ मध्ये हा दावाच रद्द केला. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ९ वे कलम घटनाबाह्य ठरविले, ते सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये पुन्हा वैध मानले. हुकूम न पाळणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते, एवढा दात त्यात अद्याप शिल्लक आहे.