कागदी चाक आणि ‘च’चे दोन उच्चार

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले व परिसरातील साध्या वस्तूंना शैक्षणिक साधनांचा दर्जा दिला. पिंपरी-चिंचवड आणि चाकण औद्योगिक पट्ट्यातील बालवर्गांची चिकित्सा याच दृष्टीने व्हावयास हवी. अक्षरावर कागदी चाक चिकटविण्याची प्रचलित हस्तकला ‘च’चा आकार मनावर ठसविते, ध्वनीबाबत मात्र ती मुकी राहते. ‘चाकण’मधील ‘च’ दंततालव्य, तर ‘चिंचवड’मधील आद्य ‘च’ तालव्य. लिपीत दोहोंचे चिन्ह एकच. मराठी घरातील मूल हा भेद कानाने आधीच जाणते. हिंदी भाषक स्थलांतरित कामगाराच्या मुलास केवळ तालव्य ‘च’ परिचित असतो. त्याचा उच्चार सरसकट चूक ठरविल्यास ते वर्गात बोलणेच टाळू लागण्याचा धोका संभवतो. येथे भातुकलीच्या जातीचा ‘बस-बस’ खेळ उपयोगी पडतो. मुलांनीच कापलेल्या कागदी पाट्या पाहून कंडक्टर झालेले मूल ‘चाकण’, ‘चिंचवड’ असे पुकारते. प्रवासी झालेली मुले ऐकून आपापली बस पकडतात. अक्षर, ध्वनी व अर्थ यांची सांगड येथे खेळाच्या गरजेतून घातली जाते. म्हणून हस्तकलेचे मूल्यमापन वस्तूच्या सुबकतेवरून न होता, तिने मुलास किती बोलते केले यावरून व्हावे.