दयेचा पडदा आणि समतेची दृष्टी

तथागतांनी सांगितलेल्या अष्टांगिक मार्गातील पहिले अंग सम्यक दृष्टी हे आहे. आधी नीट पाहावे, मग संकल्प करावा, मग बोलावे आणि आचरावे, असा हा क्रम आहे. चित्रपट ही तर मुळातच पाहण्याची कला. म्हणून तिच्याविषयी विचार करताना पहिला प्रश्न कथेचा किंवा संगीताचा नसून दृष्टीचा असला पाहिजे. कॅमेरा कोणाच्या हाती आहे, तो कोठे उभा आहे आणि त्याच्या समोर कोण उभे केले गेले आहे? गेल्या पंधरा-सोळा वर्षांत गावकुसाबाहेरील समाजांतून जे दिग्दर्शक पुढे आले, त्यांच्या कृतींचे मोल आम्ही याच प्रश्नाच्या आधारे तपासू इच्छितो.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ‘आपला माणूस’ दिग्दर्शक झाला, त्याला पारितोषिक मिळाले, एवढ्यावर समाधान मानणे आम्हांस मान्य नाही. मनुष्य जन्माने नीच किंवा श्रेष्ठ ठरत नाही, कर्माने ठरतो, असे वसलसुत्तात भगवंतांनी सांगितले आहे. हा निकष कलावंतालाही लागू आहे. जन्माने कोणी कलावंत ठरत नाही. मात्र जन्माने वाट्याला आलेली जागा त्याला काय दिसते आणि काय दिसत नाही, यावर परिणाम करते. ही जागा बदलल्याने चित्र खरोखर बदलले काय, हे पाहणे समीक्षेचे काम आहे.

अस्पृश्यतेचा विषय भारतीय चित्रपटाला नवा नाही. प्रभातच्या ‘धर्मात्मा’ (१९३५) मध्ये संत एकनाथ अस्पृश्याच्या घरी जेवतात. ‘अछूत कन्या’ (१९३६) मधील कस्तुरी आगगाडीखाली प्राण देते. बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’ (१९५९) मधील मुलगी ब्राह्मण कुटुंबात वाढते आणि शेवटी आपले रक्त देऊन त्या घरातील आईचे प्राण वाचविते. तेव्हा कोठे ती आई तिला आपली मानते. या कृतींमागील सद्हेतूविषयी आम्हांस शंका नाही. त्या काळी हा विषय पडद्यावर आणणे हेही धैर्याचेच होते. परंतु तिन्हींची घडण पाहा. पहिल्यात नायक आहे तो दया करणारा संत. दुसऱ्यात अस्पृश्य मुलीचे मरण हेच कथेचे समाधान. तिसऱ्यात माणूस म्हणून मान्यता मिळविण्यासाठी तिला रक्ताची किंमत मोजावी लागते. ‘सुजाता’मध्ये रवींद्रनाथांच्या ‘चंडालिका’चाही संदर्भ येतो. त्या कथेचे मूळ बौद्ध साहित्यात आहे. त्या मूळ कथेत भिक्खू आनंद चांडाळकन्येच्या हातचे पाणी पितो, आणि त्यासाठी तिच्याकडून कोणत्याही त्यागाची अपेक्षा करीत नाही. दया आणि मैत्री यांतील अंतर ते हेच. दया वरून खाली उतरते. मैत्री समोरासमोर उभी राहते.

हे अंतर मराठी पडद्यावर प्रथम ठळकपणे जाणवले ते नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) मध्ये. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातील जेऊरचा, वडार समाजातील हा दिग्दर्शक. ‘पिस्तुल्या’ या त्यांच्या लघुपटाला आधीच राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, आणि ‘फँड्री’ला दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. कैकाडी समाजातील जब्या, वर्गातील शालूविषयीचे त्याचे मूक आकर्षण आणि गावातील डुकरे पकडण्याचे त्याच्या घराण्याच्या माथी मारलेले काम, एवढीच ही कथा.

या चित्रपटाच्या शेवटी जब्या दगड भिरकावतो. शेवटी दगड फेकला जाणे हे भारतीय चित्रपटाला नवे नव्हते. श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’ (१९७४) च्या अखेरीस एक लहान मुलगा जमीनदाराच्या खिडकीवर दगड मारतो. मग नवे काय? ‘अंकुर’मधील दगड जमीनदारावर पडतो, प्रेक्षक त्या मुलाच्या मागे, सुरक्षित जागी उभा असतो आणि मनोमन त्याची बाजू घेतो. ‘फँड्री’मधील दगड थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे प्रेक्षकावर येतो. तमाशा पाहणाऱ्या, हसणाऱ्या गावात तूही आहेस, असे तो दगड सांगतो. बेनेगल यांची सहानुभूती खरी होती, यात शंका नाही. परंतु प्रेक्षकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे काम, ज्याने ते हसणे अंगावर झेलले आहे अशा दिग्दर्शकाने केले. जागा बदलल्याने चित्र बदलते ते असे.

याच चित्रपटातील आणखी दोन दृश्ये अभ्यासण्याजोगी आहेत. डुक्कर हाती लागणार एवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि सारे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते. डुक्कर मात्र निसटते. राष्ट्राचा मान राखणाऱ्या या माणसांचा मान राष्ट्राने राखला आहे काय, हा प्रश्न एका शब्दाशिवाय विचारला जातो. पुढे पकडलेले डुक्कर खांद्यावर घेऊन जब्या शाळेच्या भिंतीवरून जातो. त्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई आणि इतर समाजसुधारकांची चित्रे आहेत. प्रतिमा भिंतीवर आहेत, मुलगा ओझे वाहतो आहे. हा टोला केवळ प्रस्थापितांना नाही. जयंतीला प्रतिमेस हार घालून घरी परतणाऱ्या आपल्यालाही तो लागतो.

नीरज घायवान यांची वाट निराळी. ते वाढले हैदराबादेत. नोकरी सोडून चित्रपटाकडे वळले. ‘मसान’ (२०१५) मध्ये काशीच्या घाटावर प्रेते जाळणाऱ्या डोम कुटुंबातील दीपक आपल्या प्रेयसीचे प्रेत ओळखतो. ज्या नगरीला मोक्षाची नगरी म्हणून मिरविले जाते, तिच्या चितांमागे कोणाचे श्रम आहेत, हे हा चित्रपट दाखवितो. दीपक मात्र तेथे थांबत नाही. तो शिकतो, नोकरी मिळवितो आणि घाट सोडतो. कान महोत्सवात या चित्रपटाला दोन पारितोषिके मिळाली. त्यांच्या ‘होमबाउंड’ (२०२५) मध्ये एक दलित आणि एक मुस्लिम तरुण पोलीसभरतीच्या आशेवर जगतात आणि २०२० च्या टाळेबंदीत सापडतात. गणवेश अंगावर आला की अपमान संपेल, ही त्यांची आशा खेड्यापाड्यांतील आपल्या तरुणांना अपरिचित नाही.

परंतु घायवान यांची आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटलेली कृती म्हणजे ‘गीली पुच्ची’ (२०२१) हा छोटा चित्रपट. कारखान्यात यंत्रावर काम करणाऱ्या भारती मंडल या दलित स्त्रीला कचेरीतील जागा हवी आहे. ती तिला नाकारली जाते आणि प्रिया शर्मा या ब्राह्मण स्त्रीला मिळते. दोघींत जवळीक निर्माण होते. भारतीची जात कळल्यावर मात्र तिला चहा वेगळ्या, स्टीलच्या भांड्यात येतो. शेवटी भारती चातुर्याने ती जागा मिळविते; त्या चातुर्यात मैत्रिणीची फसवणूकही आहे. आमच्या काही उपासकांना हे रुचणार नाही. पंचशील पाळणाऱ्याने अशा नायिकेचे कौतुक कसे करावे, असे ते विचारतील. प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की, दाखविणे म्हणजे समर्थन करणे नव्हे. प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धांत मानणाऱ्याने कोणतेही कृत्य त्याच्या कारणांसह पाहिले पाहिजे. घायवान भारतीला निर्दोष ठरवीत नाहीत. तिचे कृत्य कोणत्या कारणांतून उद्भवले, ते दाखवितात. सुजातेला चांगलेच असावे लागले, कारण तिच्या चांगुलपणावर तिची मान्यता अवलंबून होती. भारतीला चांगले असण्याची सक्ती नाही. इतरांप्रमाणे चुकण्याचा अधिकार असणे, हेही समतेचेच एक अंग आहे.

आता दोषांकडे वळू. मंजुळे यांच्या ‘सैराट’ने (२०१६) मराठी चित्रपटाच्या उत्पन्नाचे जुने उच्चांक मोडले. त्याच्या गाण्यांवर सारा महाराष्ट्र नाचला. वरातींत आणि मिरवणुकींत ती अजूनही वाजतात. पण रक्ताळलेल्या इवल्या पावलांच्या त्या निःशब्द शेवटाविषयी किती जण बोलतात? दिग्दर्शकाने नाच आणि हत्या एकाच कथेत गुंफली. बाजाराने नाच उचलला आणि हत्या मागे ठेवली. हिंदीत ‘धडक’ (२०१८) आला तेव्हा कथा घेतली गेली, जात मात्र जवळजवळ गाळली गेली. ‘झुंड’ (२०२२) मध्ये नागपूरच्या झोपडपट्टीतील मुले, बाबासाहेबांची जयंती, ओळखीच्या कागदासाठी वणवण करणारा आदिवासी बाप हे सारे अस्सल आहे. तरीही कथेचा आधारस्तंभ म्हणून एक प्रख्यात नट आणि एक उद्धारक शिक्षक लागला. मुलांची स्वतःची वाटचाल त्या सावलीत काहीशी झाकोळते. ‘अत्त दीप भव’ हे सूत्र मानणाऱ्यांना ही उणीव जाणवल्याशिवाय राहत नाही.

व्यक्तीच्या यशाला संस्थेची जोड नसेल, तर ते यश एकाकी राहते. तमिळनाडूत पा. रंजित यांनी हे ओळखले. मुंबईच्या धारावीवर आधारलेला ‘काला’ (२०१८) त्यांनी मोठ्या नटाला घेऊन केला. पण त्याबरोबरच नीलम ही निर्मितीसंस्था उभारली आणि तिच्याद्वारे मारी सेल्वराज यांच्या ‘परियेरुम पेरुमाळ’सारखा (२०१८) पहिला चित्रपट प्रेक्षकांपुढे आणला. महाराष्ट्रातील सोमनाथ वाघमारे यांच्या ‘चैत्यभूमी’ या माहितीपटालाही याच संस्थेचे पाठबळ लाभले. भीमा कोरेगाववर २०१७ मध्ये माहितीपट करणाऱ्या या तरुणाने सहा डिसेंबरचा दादरचा जनसागर आतून चित्रित केला. ज्या गर्दीकडे मुंबईतील अनेक जण वाहतुकीची अडचण म्हणून पाहतात, तिच्यातील पुस्तके, गीते आणि शिस्त त्यात दिसते. मात्र मराठी बौद्धांच्या महोत्सवाच्या चित्रणाला मद्रासेकडून हात मिळावा, हे आपल्यासाठी भूषण की प्रश्न, याचा विचार झाला पाहिजे.

हा विचार रत्नागिरी जिल्ह्यात तर अधिकच झाला पाहिजे. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव. दापोलीत त्यांच्या बालपणाचा काही काळ गेला. याच भूमीतील खोतीच्या जाचाविरुद्ध त्यांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत नेला. पन्हाळेकाजीची लेणी येथील बौद्ध परंपरेची साक्ष देतात. एवढे असूनही पडद्यावरील कोकण म्हणजे माड, समुद्र, गणपती, भुताखेतांच्या गोष्टी आणि खोताचा वाडा. गावाच्या टोकाची बौद्धवाडी, मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेलेले तिचे पुरुष, मागे राहून शेती आणि घर सांभाळणाऱ्या तिच्या स्त्रिया, कुळाच्या जमिनीचे न सुटलेले वाद, यांना केंद्रस्थानी ठेवणारा चित्रपट आमच्या पाहण्यात नाही. तो बाहेरचा कोणी येऊन करील, ही अपेक्षा व्यर्थ आहे. केला, तर बहुधा दयेने करील.

मंजुळे अहमदनगरच्या महाविद्यालयात संज्ञापनाचे शिक्षण घेताना चित्रपटाकडे वळले, हे आपल्या मुलांनी ध्यानात घ्यावे. जिल्ह्याच्या गावातूनही वाट निघते. भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले तेव्हा त्यांच्यापाशी रंगमंदिरे नव्हती. ढोलकी होती आणि विचार होता. आज चित्रण करण्याजोगे उपकरण बहुतेक तरुणांच्या खिशात आहे. उणीव आहे ती पाहण्याच्या शिक्षणाची.

म्हणून आमची सूचना अशी आहे. वर्षावासात विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. त्याच काळात महिन्यातून एकदा येथे उल्लेखिलेल्या चित्रपटांपैकी एक दाखवावा आणि त्यानंतर चर्चा ठेवावी. चर्चेत स्त्रियांनी आणि शाळकरी मुलांनी आधी बोलावे. कोणी कोणाकडे पाहिले, कोणाला बोलू दिले, कोणाला मारले आणि का, हे प्रश्न विचारावेत. चित्रपट आपल्या माणसाचा आहे म्हणून प्रश्न मवाळ करू नयेत, आणि परक्याचा आहे म्हणून अन्यायाने कठोरही करू नयेत. अशा चर्चेत बसलेल्या एखाद्या मुलीला उद्या आपल्या वाडीतील म्हातारीची खोतीच्या काळची आठवण चित्रित करावीशी वाटली, तर तिला उपकरण, प्रवासखर्च आणि धीर देण्याची जबाबदारी विहाराने आणि तालुक्यातील संघटनांनी उचलावी. पुरस्काराची वार्ता येईल तेव्हा अभिनंदनाचा ठराव करणे सोपे असते. त्याआधीच्या काळात सोबत करणे, हे मैत्रीचे काम आहे.