‘द रिडल ऑफ द सँड्स’ आणि १९१४चा कुक्सहाफेन हल्ला : किनाऱ्याच्या ज्ञानाचा प्रश्न

प्रस्तावना

अर्स्किन चिल्डर्स (१८७०–१९२२) यांची ‘द रिडल ऑफ द सँड्स’ ही कादंबरी १९०३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. इंग्रजी हेरकथेच्या परंपरेत तिला आद्य स्थान दिले जाते. मात्र ज्या कारणासाठी ते दिले जाते ते बहुधा वाङ्मयबाह्य असते. पहिल्या महायुद्धाच्या अकरा वर्षे आधी जर्मन आक्रमणाचा इशारा देणारी, म्हणून ‘भविष्यवेधी’ कादंबरी, असे तिचे वर्णन रूढ झाले आहे. भाकीत खरे ठरले म्हणून कलाकृती श्रेष्ठ, हा निकष मुळातच तकलादू आहे. येथे तर तो वस्तुस्थितीलाही धरून नाही.

या प्रश्नाचा विचार करताना एक घटना टाळता येत नाही. २५ डिसेंबर १९१४ रोजी ब्रिटिश नौदलाच्या विमानांनी जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर हल्ला केला. त्यांपैकी एका विमानात निरीक्षकाच्या आसनावर स्वतः चिल्डर्स बसलेले होते. आपल्याच कादंबरीच्या भूमीवर लेखकाने सैनिक म्हणून परतावे, असा योग साहित्याच्या इतिहासात विरळा. तरीही चरित्रकारांनी त्याकडे कुतूहलाने पाहिले, तेवढे समीक्षकांनी पाहिलेले नाही.

भाकिताचा निकष

कादंबरीचे कथानक थोडक्यात असे. परराष्ट्र खात्यातील तरुण अधिकारी कॅरुदर्स याला त्याचा मित्र डेव्हिस आपल्या ‘डल्सिबेला’ या लहान नौकेवर बोलावून घेतो. पूर्व फ्रिझियन बेटांच्या आसपास, वाळूच्या दांड्यांमधून हिंडताना डॉलमन नावाच्या इसमाने आपल्याला वादळात जाणूनबुजून चुकीच्या वाटेने नेऊन बुडवण्याचा प्रयत्न केला, असा डेव्हिसचा संशय असतो. शोधाअंती उलगडते ते असे : किनाऱ्यावरच्या सात छोट्या बंदरांतून, भरतीच्या वेळी, पडावांत सैन्य भरून ते इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर उतरवण्याची जर्मन योजना आहे.

आता इतिहास पाहावा. असे आक्रमण कधीही झाले नाही. ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागानेही ही कल्पना तपासून अव्यवहार्य ठरवली होती. १९१४ मध्ये इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर जे आले ते निराळेच होते. १६ डिसेंबर रोजी जर्मन युद्धक्रूझरांनी स्कारबरो, हार्टलपूल आणि व्हिटबी या गावांवर तोफा डागल्या. शंभराहून अधिक माणसे मेली आणि जहाजे परत गेली. एकही शिपाई किनाऱ्यावर उतरला नाही. चिल्डर्स यांच्या कल्पनेतील शत्रू किनारा जिंकायला येणारा होता. प्रत्यक्षातल्या शत्रूला किनारा केवळ लक्ष्य म्हणून हवा होता. (भारतीय वाचकाला हा फरक परका नाही. २२ सप्टेंबर १९१४च्या रात्री मद्रासवर तोफा डागून बर्मा ऑइल कंपनीच्या तेलटाक्या पेटवणारी ‘एमडेन’ ही क्रूझर याच फ्रिझियन किनाऱ्याजवळील एमडेन शहराचे नाव मिरवीत होती. तीही आली, आग लावून गेली.)

कादंबरीमुळे ब्रिटिश सरकारला उत्तर समुद्रात नाविक तळ उभारण्याची बुद्धी झाली, असाही एक समज आहे. त्याचे खंडन कादंबरीतच सापडते. पुस्तक छापखान्यात असतानाच फोर्थच्या खाडीतील जागा तळासाठी निवडली गेल्याची नोंद चिल्डर्स यांनी उपसंहारात स्वतः केली आहे. परिणाम झाला तो वेगळ्या दिशेने : १९१० मध्ये बोर्कुम बेटावर हेरगिरी करताना ब्रँडन आणि ट्रेंच हे दोन ब्रिटिश अधिकारी पकडले गेले व लाइपझिग येथील त्यांच्या खटल्यात या कादंबरीचा उल्लेख झाला. इंग्लंडच्या भयाची कथा म्हणून लिहिलेले पुस्तक इंग्रजांनाच त्या किनाऱ्याकडे घेऊन गेले. युद्ध सुरू होताच चिल्डर्स यांनी नौदलाला फ्रिझियन बेटांवरून जर्मनीवर चाल करण्याविषयी टिपण सादर केले, हे या संदर्भात लक्षणीय आहे. कादंबरीतील योजनेची दिशा तेवढी उलटली होती.

धुके आणि तळ

भाकिताचा निकष बाजूला सारल्यावर कादंबरीत उरते काय? उरते ते तिचे खरे सामर्थ्य. ते किनाऱ्याच्या ज्ञानात आहे. हा किनारा जमीनही नाही आणि पाणीही नाही; भरतीला समुद्र, ओहोटीला मैलोगणती उघडी पडणारी वाळू, आणि मधून वाट बदलत जाणारे प्रवाह. कोकणातील खाडीमुखे पाहिलेल्या वाचकाला त्याची थोडीफार कल्पना येईल, पण विस्तार फार मोठा. मोठी जहाजे जेथे येऊच शकत नाहीत तेथे सपाट तळाची, जुन्या जीवरक्षक होडीपासून बनवलेली ‘डल्सिबेला’ सुखाने रुतून बसते आणि पुढच्या भरतीची वाट पाहते.

या ज्ञानाचा कळस धुक्यातल्या प्रवासात आहे. दाट धुक्यात डेव्हिस आणि कॅरुदर्स नॉर्डर्नेहून मेमर्ट बेटापर्यंत वल्ही मारीत जातात. कॅरुदर्स वल्हवतो, डेव्हिस होकायंत्र, घड्याळ आणि नकाशा घेऊन बसतो आणि काठीने तळ चाचपत राहतो. पाण्याची खोली, प्रवाहाची ओढ, ओहोटी सुरू होऊन झालेला वेळ, एवढ्यावर तो न दिसणाऱ्या जागेचा पत्ता लावतो. येथे निवेदक बुद्धिमान असूनही अज्ञानी आहे आणि अबोल, काहीसा गबाळा डेव्हिस ज्ञानी आहे. अधिकारी वर्गाच्या शिष्टाचारावर हस्तव्यवसायाच्या ज्ञानाने केलेली ही मात कादंबरीतील सर्वांत प्रत्ययकारी भाग होय. त्यापुढे क्लाराची प्रेमकथा फिकी आणि उपरी वाटते. या प्रकरणात धुके हा शत्रू नसून सहकारी आहे, कारण पहारेकऱ्याची दृष्टी त्याने बंद होते आणि डेव्हिसचा स्पर्श मात्र शाबूत राहतो. आपली जमीन काठीच्या टोकाला लागते, हा विश्वास तिथे पानापानावर आहे.

आता नाताळच्या त्या सकाळकडे वळावे. ‘एंगडाइन’, ‘रिव्हिएरा’ आणि ‘एम्प्रेस’ ही तीन जहाजे पूर्वी इंग्लिश खाडीत प्रवासी वाहतूक करीत. त्यांवरून नऊ सागरी विमाने हेल्गोलँडजवळ पाण्यावर उतरवण्यात आली. सात उडू शकली. प्रत्येकावर वीस पौंडांचे तीन बॉम्ब होते. लक्ष्य होते कुक्सहाफेनच्या दक्षिणेस नॉर्डहोल्ट्स येथील झेपेलिनांच्या शेड. जहाजावरून विमाने नेऊन केलेला हा पहिलाच हल्ला, असे सर्रास लिहिले जाते. ते बरोबर नाही. सप्टेंबर १९१४ मध्ये चीनच्या किनाऱ्यावरील त्सिंगताओ येथे जपानच्या ‘वाकामिया’ जहाजावरील विमानांनी तसा प्रयोग आधीच केला होता. असो.

समुद्रावर आकाश निरभ्र होते. जमिनीवर दाट धुके होते. झेपेलिनांच्या शेड कुणालाही सापडल्या नाहीत. सातांपैकी तीन विमाने जहाजांजवळ परतली, तिघांच्या वैमानिकांना ‘ई-११’ या पाणबुडीने उचलले आणि सातवा वैमानिक फ्रान्सिस ह्यूलेट डच मासेमारी जहाजावरून हॉलंडमार्गे घरी पोचला. (हा ह्यूलेट कादंबरीकार मॉरिस ह्यूलेट यांचा मुलगा, हाही योगायोगच.) सिसिल किल्नर यांच्या विमानात बसलेल्या चिल्डर्स यांनी शिलिगच्या नांगरतळावरील जर्मन आरमाराची पाहणी केली. परतीचे भेटस्थान होते नॉर्डर्नेच्या उत्तरेस. म्हणजे कादंबरीतील डॉलमनचे घर ज्या बेटावर आहे, त्याच बेटाच्या पलीकडे.

कादंबरी आणि घटना शेजारी ठेवली की एक विसंगती ठळकपणे दिसते. ज्या धुक्यात डेव्हिसने मार्ग काढला त्याच प्रकारच्या धुक्यापुढे डेव्हिसचा निर्माता हतबल ठरला. कारण विमानाला तळ नसतो. वर गेलेल्या माणसाला चाचपता येत नाही, त्याला केवळ पाहता येते. आणि दिसेनासे झाले की त्याचे ज्ञान संपते. युद्धारंभी नौदलाने चिल्डर्स यांना घेतले ते वैमानिकांना किनारी मार्गदर्शन शिकवण्यासाठी. हे उचितच होते, आणि बेटांच्या आकृती ओळखण्यात त्यांचा उपयोगही झाला. परंतु बेटाची आकृती ओळखणे म्हणजे बेटाची वाळू ओळखणे नव्हे.

येथे एक आक्षेप घेता येईल. लेखकाच्या पुढील आयुष्यातील घटनेने पूर्वीच्या कलाकृतीचा अर्थ ठरवणे हा चरित्रात्मक समीक्षेचा जुना दोष नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. पण येथे अर्थ ठरवला जात नसून कादंबरीत आधीपासून असलेली मर्यादा आणि सामर्थ्य यांची सीमारेषा दृष्टीस पडते. एच. जी. वेल्स यांच्या ‘द वॉर इन द एअर’मध्ये (१९०८) युद्ध आकाशातून येते आणि त्यामुळेच तिथे स्थळ नेहमी दूरचे, नकाशावजा राहते, जळणारे न्यूयॉर्क वाचकाला वरून दिसते. चिल्डर्स यांचे स्थळ तसे दिसत नाही, ते पायाखाली येते. वेल्स यांनी पुढचे युद्ध अधिक अचूक ओळखले, हे मान्य करावेच लागते. तरीही गद्य म्हणून टिकाऊ कोणाचे, याचे उत्तर अचूकतेच्या हिशेबावर अवलंबून नाही. आय. एफ. क्लार्क यांच्या ‘व्हॉइसेस प्रॉफेसाइंग वॉर’ (१९६६) या अभ्यासग्रंथाने आक्रमणकथांचा सारा प्रवाह एकत्र मांडून दाखवला. त्या प्रवाहातील कितीतरी पुस्तके आता केवळ दस्तऐवज म्हणून वाचली जातात. ‘रिडल’ मात्र नौकानयन करणारे लोक आजही नकाशा शेजारी घेऊन वाचतात.

चिल्डर्स यांनी पुन्हा कादंबरी लिहिली नाही. घोडदळाच्या शस्त्रांवर, आयर्लंडच्या स्वराज्यावर त्यांनी पुष्कळ लिहिले. २४ नोव्हेंबर १९२२ रोजी डब्लिनमध्ये आयरिश फ्री स्टेटच्या सैनिकांनी त्यांना गोळ्या घालून देहदंड दिला. ‘रिडल’सोबत छापलेले नकाशे आणि सागरी आराखडे मात्र सुटे काढता येत नाहीत, कथानक त्यांवाचून समजत नाही, आणि त्यांतील खोलीचे आकडे ओहोटीच्या पातळीपासून मोजावे लागतात.