‘आखडणें’ आणि ‘संधिवात’

एका अनुवादित कथेंतील वृद्ध नायिका सकाळीं अंथरुणावरून उठतांना ‘मला संधिवात झाला आहे’ असें म्हणते. आणि चार पावलें चालल्यावर ‘संधिवात जरा कमी झाला’ असेंहि म्हणते! मूळ लेखकास सांध्यांचा ताठरपणा व ठणका सांगावयाचा होता. अनुवादकानें म्हातारीच्या तोंडीं वैद्याचें निदान घातलें.

वास्तविक या दुःखाला मराठींत अनेक शब्द आहेत आणि प्रत्येकाची हद्द निराळी आहे. फार वेळ मांडी घालून बसलें कीं पाय ‘अवघडतो’ व चालूं लागतांच मोकळा होतो. सांधा सरळ होईना, आंतून कोणी दोरी ओढून ठेवल्यासारखें वाटलें, म्हणजे तो ‘आखडला’. ‘हात आखडता घेणें’ या वाक्प्रचारांत आंत ओढून घेण्याचा हाच अर्थ आहे. मान किंवा पाठ मात्र ‘धरते’. येथें अवयवच कर्ता होतो आणि माणूस त्याच्या तावडींत सांपडतो. ‘ताठणें’ यांत वेदना असेलच असें नाहीं.

‘संधिवात’, ‘आमवात’ हे शब्द शास्त्राचे आहेत. माधवनिदानांत आमवाताला स्वतंत्र प्रकरणच आहे. परंतु रोगाचें नांव म्हणजे रोग्याचा अनुभव नव्हे.

हा वाद केवळ शब्दांचा नाहीं. माझी आई डॉक्टरांना ‘संधिवात आहे’ एवढेंच सांगे. तो शब्द तिला भारदस्त वाटे. तेहि तेवढेंच लिहून घेत. कांहीं वर्षांनीं दुसऱ्या एका डॉक्टरांनीं विचारलें, “आजी, सकाळीं बोटें आखडतात का? आणि सुटतात केव्हां?” ती म्हणाली, “न्याहारी होऊन भांडीं आवरेपर्यंत आखडलेलींच असतात हो!” झिजेच्या विकारांत सकाळचें हें आखडणें बहुधा अर्ध्या तासाच्या आंत सरतें, रुमॅटॉइड प्रकारांत तें तासभर किंवा त्याहूनहि अधिक टिकतें. तिच्या उत्तरानंतर तपासणी झाली व उपचारांची दिशा बदलली. पण तोंवर दोन बोटें वांकडीं झालीं होतीं.

अनुवादकांस माझी विनंती एवढीच, कीं म्हातारीला म्हातारीच्या शब्दांत बोलूं द्यावें. ‘आखडणें’ आणि ‘सुटणें’ हे शब्द घरांतून गेले, तर उद्यां डॉक्टरांचा प्रश्नच तिला कळणार नाहीं.